रोहित बघायला गेले, साडेचार तास मोजत बसले

रोहित पक्षी बघायचे तर मार्च सरायच्या आत जा, असं दरवर्षी कुणीतरी सांगतं आणि दरवर्षी मी एप्रिलमध्ये हळहळते. यंदा रेहानानं फोनवर झापलंच. "रमजान आहे म्हणून लाजू नकोस. आम्ही रोजा धरू, तू खुशाल जेव." रेहाना माझी पुण्यातल्या ऑफिसातली जुनी मैत्रीण, लग्नानंतर बारामतीजवळ सांगवीला राहते. मग मी बॅग भरली.

पहाटे पाचला निघाले. सोलापूर हायवेनं भिगवणपर्यंत अडीच तास, मध्ये एक चहा. इंदापूर तालुक्यात कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर बोटी मिळतात. मी एकटीच असल्यानं बोटीचे हजार रुपये मुकाट्यानं दिले; चौघं असाल तर वाटून घ्या. रोहित शेकड्यांनी होते, चिखलात माना खुपसून. दोनशे फोटो काढले, चार बरे आलेत. किनाऱ्यावर चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी झकास मिळते, पण तिखट कमी टाकायला आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं.

दुपारी बारामतीकडे वळले. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सांगवीत पोचले तर रोजा सोडायची तयारी चालली होती. रेहानाचे सासरे, दस्तगीरचाचा, यांनी पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. "पाव्हणीला आदी." वय अडुसष्ट, रोजा असो की ताप, गाईंचं दूध डेअरीत स्वतःच घालणार. आवाज असा की घरात कुजबुजले तरी शेजाऱ्याला कळावं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी अंगणात कॅमेरा पुसत होते. चाचा बाजेवर पडले होते. रेहानाच्या नवऱ्यानं, सलीमनं, काहीतरी विचारलं तर उत्तर जड, अडखळत आलं.

"रोजा लागलाय अब्बास्नी," सलीम म्हणाला. "पडू द्या जरा."

उपाशीपोटी अशक्तपणा आला की इथं 'रोजा लागला' म्हणतात आणि माणसाला निजू देतात. मीही मान डोलावली. वर शहाणपणानं म्हटलं, ऊन वाढलंय, थकले असतील. ते आठवलं की मला अजून माझीच लाज वाटते.

सव्वादहाला चाचा उठून आत निघाले. उजव्या पायातली चप्पल मागंच राहिली आणि त्यांना पत्ता नाही. रेहाना ओरडली, "रोजा न्हाय ह्यो! तोंड बघा!" तोंड एका बाजूला ओढलं होतं. माझी गाडी दारातच होती. पंचवीस मिनिटांत बारामतीचं हॉस्पिटल गाठलं.

तिथं सीटी स्कॅन आहे, पण मेंदूचे डॉक्टर नाहीत. ते पुण्यात. खाटेजवळ चाकांच्या स्टँडवर एक स्क्रीन, त्यावर डॉक्टर मॅडम. इथल्या डॉक्टरांनी चाचांचे हात उचलून दाखवले, उजवा लगेच खाली आला. मॅडमनी स्कॅन तिकडं पाहिला. पक्षाघाताचा झटका. रक्तस्राव नाही, गुठळी आहे, इंजेक्शननं विरघळू शकते. पण लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. सुरुवात कुणी पाहिली नसेल, तर माणूस शेवटचा धड दिसला तिथून मोजायचं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्रावाची भीती जास्त.

"शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?"

"सहाला," सलीम म्हणाला. "नमाज पढून आलं तवा. मग मी रानात गेलो." रेहाना तेव्हा झोपली होती, मीही; आम्ही उठलो तेव्हा चाचा बाजेवर पडलेलेच होते.

घड्याळात अकरा. पाच तास झाले होते. सलीमचा चेहरा मला बघवेना.

"दूध!" रेहाना एकदम म्हणाली. तिनं डेअरीवाल्या पोपटरावांना फोन लावला आणि स्क्रीनसमोर धरला.

"चाचा व्हय? आलं हुतं की. पावती सात अठराची हाय. फॅट कमी लागली म्हणून धा मिनिटं भांडलं माझ्याशी."

मॅडमनी विचारलं, "बोलणं स्पष्ट होतं?"

"स्पष्ट? आख्ख्या गावानं आयकलं, मॅडम! आन् कॅन उजव्या हातानंच उचलून गेलं."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. सात अठरापासून मोजलं तर पावणेबारापर्यंत वेळ होता. मग धोका किती, फायदा किती, ते सलीमला दोनदा समजावलं. त्यानं सही केली. अकरा वीसला इंजेक्शन सुरू झालं.

बाहेर बाकावर नर्सताई म्हणाल्या, "हा स्क्रीन नव्हता तवा आमी सलाईन लावून पुण्याला पाठवायचो. निम्मा वेळ हडपसरच्या ट्रॅफिकमधी जायचा." पण वेळ मात्र घरच्यांनाच सांगावी लागते, असंही त्या म्हणाल्या. चारला मॅडम पुन्हा स्क्रीनवर आल्या. चाचांनी उजवा हात उचलला आणि थरथरत का होईना, वर ठेवला. रेहाना रडली, मीही रडले.

तिसऱ्या दिवशी मी परतले. लोणी भापकरचं जुनं मंदिर बघायचं राहिलं. तुम्ही गेलात तर तेवढं जरूर करा. घरी चार बरे फोटो लॅपटॉपवर घेतले, पण मन त्यात नव्हतं. चाचांचा हात परत आला, पायही बराचसा आला. जीभ मात्र अजून जड आहे, कदाचित तशीच राहील, असं रेहाना म्हणाली. आम्ही त्यांना निजू दिलं तो पाऊण तास मला छळतो.

काल तिनं एक रेकॉर्डिंग पाठवलं. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजानंतर मशिदीत चाचा स्वतः उभे राहिले होते.

"माझी जीभ... आयका. कशी... चालती. घरात कुणाची अशी झाली... तर रोजा लागला म्हणून नि... निज... निजवू नका. घड्याळ बगा. गाडी काडा."

'निजवू' हा शब्द त्यांना तिसऱ्या खेपेला जमला. तोवर सगळी मशीद थांबली होती, आणि कुणीही तो त्यांच्यासाठी पुरा केला नाही.