शनिवारचं पाहुणं अक्षर

शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आधी कांबळे बाई भिंतीवरची दोरी सोडायच्या, आणि तिला टांगलेली कापडी अक्षरं एकेक करून आमच्या ओंजळीत उतरायची... जुन्या लुगड्यांची, पोटात कापूस भरलेली, शिवलेल्या डोळ्यातोंडाची, उन्हाचा नि खडूचा वास येणारी. बाळांनो, कुरुंदा गावात आमच्या पिढीची अक्षरं आधी कडेवर बसली आणि मग पाटीवर उतरली.

प्रत्येकाला बाईंनी स्वभाव दिला होता. र लुकडा आणि भित्रा, ठ खादाड, ङ अबोल, आणि ळ दोन गुबगुबीत पोटांचा, सदा पेंगुळलेला. शनिवारी ज्याच्या वाट्याला जे अक्षर येई, ते त्याच्या घरी पाहुणं जाई. पाहुणा कसाही असो, त्याला दारात पाणी द्यायचं, आपल्याजवळ जेवायला बसवायचं आणि सोमवारी त्याची हकिकत वर्गात सांगायची, हा बाईंचा नेम.

या अक्षरांच्या पोटातला कापूस नसीमच्या वडिलांनी पिंजून दिलेला. नसीम माझ्या शेजारी बसे. तिच्या हातांवर आणि ओठांच्या कडेला कोडाचे पांढरे डाग होते, म्हणून फेर धरताना मुली तिचा हात धरायच्या टाळत. मी धरायची, पण तिला घरी आणायची मुभा मला नव्हती. आमच्या घरात शब्द चाले तो आत्याचा, वडिलांच्या थोरल्या विधवा बहिणीचा, आणि कोड शिवल्यानं लागतं याबद्दल आत्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एका सोमवारी ळ नसीमच्या घरून परतला तो अंगावर डाग लेऊन. जांभळ्या कापडावर तिनं पांढऱ्या मलमलीचे तुकडे शिवले होते, पोटांवर आणि ओठांच्या कडेलाही. मागून कुणी तरी म्हणालं, ळला कोड फुटलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तो काय जेवला एवढंच त्यांनी विचारलं. भाकर आणि अंबाडीची भाजी, नसीमनं सांगितलं. मग खाली बघत म्हणाली, "मला एकटीला करमत नव्हतं, म्हून त्याला माझ्यावाणी केलं."

पुढच्या शनिवारी ळ माझ्या वाट्याला आला. हा पाहुणा आमच्या घरात शिरला नाही, तर नसीमही कधी शिरणार नाही, हे मला कुणी न सांगता कळत होतं.

अंगणात उकडलेली हळद वाळत पडली होती. तिचा तो मातकट, उष्ण दरवळ... आत्यानं लांबूनच डाग पाहिले, ते कुणाच्या हातचे हे ओळखलं आणि त्याला बाहेर ठेवायला सांगितलं. मी तांब्या आणला, ळपुढे ठेवला आणि त्याच्याजवळ पायरीवर बसून राहिले. आई हाका मारून थकली. पाहुणा उपाशी असताना मी कशी जेवणार? उन्हं कलली तेव्हा आत्याच ताट घेऊन आली. खाली वाकून टाके बघत राहिली.

"लई बारीक टाका हाय. त्या पोरीनं घातला?"

"व्हय."

तिनं ताट ळपुढे सरकवलं. मग म्हणाली, "दुखतं का गं तिला ते?"

मला ठाऊक नव्हतं. सोमवारी नसीमला विचारलं, तर म्हणाली, दुखत न्हाई, उन्हात चुरचुरतं तेवढं. घरी येऊन आत्याला सांगितलं. ती हळद निवडत होती; मान वर न करता म्हणाली, "मंग उन्हात काहून खेळता? इकडं ओसरीवर या म्हणावं."

नसीम आली... आणि मग येतच राहिली. आत्याला सुई ओवता येईनाशी झाली होती. गोधडी शिवताना ती नसीमकडे सुई द्यायची. नसीम घरी गेली की आत्या मागच्या दारी जाऊन, कुणी पाहत नाही असं बघून, हात धुवायची. मला ते दिसे. मी कधी बोलले नाही. पुढे कधी तरी ती हात धुवायला विसरली, आणि विसरली ते विसरलीच.

कापूस पिंजायचा धंदा बसला, तसं नसीमचं घर परभणीकडे निघून गेलं. पत्ता राहिला नाही. कोड पसरत जातं म्हणतात. एव्हाना ती कदाचित नखशिखांत एकाच रंगाची झाली असेल, माझ्या शेजारून गेली तरी मला कळणार नाही... तरीही बाजारात एखादी बाई भाजी निवडू लागली, की माझी नजर आधी तिच्या हातांवरच जाते.