साहेबांचा मासा आणि माझा ब्रेक

लोखंडाचा भुगा कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पायाखाली असतोच. आमच्या शेडमधल्या गोष्टींचंही तसंच. एक सांगून संपवावी, तोवर साहेबांनी दुसरी तयार केलेली असायची!

शेड म्हणजे कल्याण स्टेशनाजवळची, मालगाडीचे ट्रक, म्हणजे उघडे डबे, दुरुस्त करायची. बिघडलेल्या ट्रकला आम्ही ‘आजारी’ म्हणायचो. मी फिटर आणि पास्कू लोहार, दोघं मिळून त्याला बरं करायचो. मग फोरमनसाहेब हातोडीने चाकं ठोकून बघायचे आणि ट्रकवर खडूने सही करायचे. सही झाल्याशिवाय ट्रक गाडीला जोडायचा नाही, असा नियम.

साहेब कामाला वाघ, पण चार वाजेपर्यंत. चार वाजले की लांब काठी घेऊन उल्हास नदीवर! आकड्याला पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवायची, ती पाण्यावर नाचवायची आणि मासा फसायची वाट बघायची. तीन वर्षांत एकही फसला नव्हता.

आणि माझी नोकरी कच्ची! सासरेबुवा म्हणजे होणारे सासरे, त्यांनी साफ सांगितलेलं, "आधी नोकरी पक्की, मग मुलगी." पक्की व्हायला साहेबांचं एक पत्र पुरे होतं. ते मागायला गेलो की साहेब म्हणायचे, "आधी मासा, मग पत्र!"

म्हणजे माझं लग्न उल्हास नदीतल्या एका माशावर अडलेलं.

* * *

खोट्या माशीला साहेबांना कोंबड्याच्या मानेची पिसं लागत. पास्कू ठाण्याकडचा किरिस्तांव, त्याने शेडमागे एक झकास तांबडा कोंबडा पाळलेला. दर सोमवारी साहेब यायचे आणि चार पिसं उपटून न्यायचे. दिवाळीपर्यंत कोंबड्याची मान पार उघडी पडली.

पास्कू साहेबांसमोर कोंबडा घेऊनच उभा राहिला. "साहेब, याला आता थंडी वाजते!"

साहेब मनाने चांगले. त्यांनी तिथल्या तिथे ट्रकवर घालायच्या ताडपत्रीचा तुकडा मंजूर केला. आमचे कारकून नाना, त्यांनी वहीत लिहिलं, "ताडपत्री, एक वीत. कारण, कोंबडा आजारी." खाली साहेबांची सही. त्या थंडीत शेडमध्ये सगळ्यात आधी पास झाला तो पास्कूचा कोंबडा!

* * *

पाऊस असला की साहेब जेवणाच्या सुट्टीत शेडमध्येच काठी फिरवायचा सराव करत. दोरा मागे जायचा, सप्पकन पुढे यायचा. आम्ही सगळे ट्रकखाली बसून भाकरी खायचो. नाना मात्र टेबल सोडत नसत.

एकदा दोरा मागे गेला आणि पुढे येताना नानांची पगडी घेऊन आला. पगडी सबंध शेडवरून उडत जाऊन तेलाच्या पिंपावर बसली. आम्ही ट्रकखालून माना बाहेर काढल्या. आता काय होणार!

नानांनी लिहितालिहिता मानसुद्धा वर केली नाही. "साहेब, पगडी बाहेरगावी गेली आहे. परत पाठवताना पावती जोडावी."

* * *

नदीवर बुधाजी कोळी जाळं टाकायचा. साहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पिसं नाचवतात, हे बघून तो पहिल्या दिवशी, पत्राच्या आशेने काठावर बसलेल्या माझ्याजवळ आला. "यो सायेब येरा हाय का रं? मासली काय पिसं खाते?"

पुढे त्यालाच कीव आली. एका संध्याकाळी त्याने जाळ्यातला एक मोठा मासा पानात गुंडाळून साहेबांपुढे धरला. मला वाटलं, झालं आपलं लग्न! पण साहेब लालबुंद झाले. "नको! हा माझ्या माशीवर आला नाही!"

बुधाजीने मासा परत टोपलीत टाकला. "बरं सायेब. पुढच्या येळी आधी त्याला इचारून पकरतो!"

* * *

इकडे चारनंतर बरे झालेले ट्रक सहीवाचून तुंबायला लागले. शेवटी मीच अक्कल लढवली. वाळू भरायला एक रूळ पार नदीकाठाने गेलेला. बरे झालेले ट्रक बैल लावून तिथेच न्यायचे! साहेबांना ही कल्पना भलतीच आवडली. ते ट्रकवरच उभे राहून मासे धरू लागले, आणि आम्ही खाली चाकं ठोकायला लागलो.

पण पहिल्याच ठण्‌ला साहेब ओरडले, "आवाज नको! मासे पळतात!"

पास्कूने हातोडीला फडकं गुंडाळलं. चाकाला तडा गेला असेल तर तो आवाजावरूनच कळतो, आणि आता आवाज येतोय धप्प, धप्प. वरून साहेबांनी विचारलं, "काय वाटतं?"

पास्कू म्हणाला, "साहेब, फडकं एकदम मजबूत आहे!"

* * *

आता शेवटची गोष्ट.

त्या संध्याकाळी मी नीट केलेल्या ब्रेकची परीक्षा होती. ट्रक नदीकाठच्या रुळावर, साहेब काठी घेऊन ट्रकवर, मी खाली ब्रेकच्या दांड्याशी. रुळाला थोडा उतार, आणि टोकाला लाकडी स्लीपरांचा ढीग. त्याच्यापुढे नदी. मी परीक्षेसाठी ब्रेक सोडला, ट्रक हलला, आणि त्याच क्षणी साहेबांचा दोरा ताणला गेला.

"मासा!"

मी घाबरून दांडा दाबायला गेलो. साहेब किंचाळले, "थांबवू नको! दोरा तुटेल!"

मासा नदीतून पुढे पळतोय, ट्रक काठाने त्याच्यामागे. मासा हळू झाला की साहेब "धर!" मी दांड्यावर लोंबकळायचो. मासा पुन्हा पळाला की "सोड!" मी सोडायचो. स्लीपरांचा ढीग जवळ येत होता. ट्रक नदीत गेला तर नोकरी गेली, दोरा तुटला तर पत्र गेलं! मागून पास्कू धावतोय, बुधाजी होडी हाकतोय, आणि मी मनातल्या मनात मुंडावळ्या सोडतोय.

"धर! सोड! धर! धर! धर!"

ढिगापासून हातभर अंतरावर ट्रक थांबला. मासाही दमून थांबला. बुधाजीने तो टोपलीने उचलून दिला. साहेब ट्रकवरून उतरले आणि त्यांनी मला चक्क मिठी मारली. डोळ्यांत पाणी! माझ्याही.

लगेच नानांना बोलावून ब्रेकच्या परीक्षेचा कागद भरायला घेतला. ‘वजन’ असा रकाना आला, तेव्हा साहेब म्हणाले, "साडेचार शेर."

नाना चाचरले. "साहेब, इथे ट्रकमधल्या मालाचं वजन लिहायचं असतं."

"ट्रकमध्ये दुसरा माल कुठे होता? लिहा, मासा, एक! आणि खाली लिहा, फिटर उत्तम, नोकरी कायम करावी."

कागद मुंबईच्या मोठ्या ऑफिसात गेला. मी आठ दिवस जेवलो नाही. नवव्या दिवशी उत्तर आलं. नानांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"ब्रेक समाधानकारक. फिटरला कायम केले आहे. शेडमधल्या उरलेल्या चाळीस ट्रकांची परीक्षाही याच वजनाने घ्यावी. प्रत्येकी मासा, एक."

साहेबांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग कोपऱ्यातली काठी उचलून माझ्या हातात दिली.

"जा," साहेब म्हणाले. "आता हे ऑफिसचं काम आहे."