सर्वणची रेल्वे आणि मावशीची आमसुलं

आमच्या सर्वण गावात रेल्वे नाही. गेल्या चवथीला ती आणण्याचा प्रयत्न मी एकट्याने केला, आणि माझी रेल्वे गणपतीसमोर बरोबर दीड हात धावली.

दीड हात म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण त्यामागे माझी तीन महिन्यांची मेहनत होती आणि दादांचं इंजिन होतं. दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. मूळ पेडण्याचे, पण सगळी नोकरी वास्कोला रेल्वेत, रुळांची देखभाल करण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा सोबतच्या लोकांनी त्यांना तळहाताएवढं, विजेवर चालणारं इंजिन भेट दिलं. दोन डबे आणि गोल जोडायचे रूळही दिले. दादांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. (सोन्याच्या कपाटाची किल्ली वहिनींकडे असते, यावरून काय ते समजा.)

ते इंजिन मी चवथीच्या देखाव्यासाठी मागितलं. गणपतीभोवती पेडण्याचं स्टेशन करायचं, गाडी मूर्तीच्या मागून बोगद्यातून यायची, बायकोचं माहेर आयतंच देवापुढे. दादांनी जानव्याची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "भावोजी, देतंय. पण जसां नेतास तसांच परत येवक व्हयां. माझी सगळी नोकरी त्या इंजिनात आसा."

"डोळ्यात तेल घालून सांभाळीन," मी म्हटलं.

"डोळ्यात नको, चाकात घाला. एक थेंब. आनी आयका, हो रूळ नवो कोरो दिसता, खेळण्यातलो. खऱ्या रुळाक दोनय बाजून गंज असता. तो रंगवा. पण वयलो माथो कोरो ठेवा, वीज थंयसून जाता."

गंज! अठ्ठावीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर कारकुनी केलेल्या माणसाला हे सांगत होते. आमच्याकडे पूर्वी वाळत घातलेल्या बनियनलासुद्धा संध्याकाळपर्यंत गंजाचा रंग यायचा. शिवाय माझ्याकडे बरणीभर अस्सल ओर होतं. खाण बंद झाली तेव्हा आठवण म्हणून आणलेली लाल खनिजाची पूड. शहरातले हौशी लोक गंजासाठी रंग विकत घेतात म्हणे. मी खऱ्या लोखंडाने लोखंड रंगवणार होतो.

मग मला वेडच लागलं. दोन रुळांमधल्या फळ्या कोऱ्या चहाच्या पाण्यात भिजवून जुन्या दिसतील अशा केल्या. अंगणातली खडी चाळून गोंदाने चिकटवली. नारळाच्या सोडणाचा काथ्या कात्रीने बारीक कापून रुळाकडेचं गवत केलं. इंजिनातून तेल गळतं तसे डाग सुईच्या टोकाने टाकले. आणि गंज? ओरची पूड गोंदात कालवून, दाढी करताना धरावा तसा श्वास धरून, बारीक ब्रशने रुळाच्या बाजूंना लावायची, मग चिंधीने माथा पुसून काढायचा. एका संध्याकाळी जेमतेम एक वीत व्हायची.

"ही माझी पिठाची चाळण," बायको एके दिवशी म्हणाली. "हेच्यात दगड खंयसून इले?"

"खडी आहे ती. पेडणे स्टेशनची."

"पेडण्याक माझां माहेर आसा. थंय कोण चाळणीत खडी घालणा नाय."

तीन महिन्यांनी रूळ असा झाला की घरी येणारा माणूस हात लावायचा आणि मग बोटांना गंज लागला का ते बघायचा. मला एकच गोष्ट हवी होती. दादांनी तो रूळ बघून 'बरो झालो' म्हणावं. लग्नाला तीस वर्षं झाली, दादांनी माझ्या कुठल्याही कामाला बरं म्हटलेलं नाही. आमच्या लग्नाच्या मांडवालासुद्धा ते 'उबो आसा' एवढंच म्हणाले होते.

चवथीच्या आदल्या दिवशी मी डिचोलीच्या बाजारात मातोळीचं सामान आणायला गेलो. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळं, रानवेली, नारळांची पेंड (म्हणजे अख्खा घोस), सगळं घेऊन घामाघूम होऊन परतलो. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला आमोण्याहून माझी मावशी आली होती. दारात समया, तबकं, घंटा उन्हात लखलखत होत्या. आदल्या दिवशी देवाची भांडी आमसुलं, म्हणजे मावशीची सोलां, लावून घासायची रीत, आणि मावशीइतकं कोणी घासत नाही. मी कौतुकाने आत गेलो आणि हातातली पेंड खाली पडली.

देवाच्या भांड्यांइतकाच रूळही लखलखत होता. इकडून तिकडून, आत-बाहेर, संपूर्ण.

"मावशी," मी म्हटलं, "रुळाला काय केलंस?"

"घासलो," मावशी म्हणाली. "दिगू, गणपतीमुखार गंजको रूळ? लोक कितें म्हणटले? तीन फावटीं सोलां लायलीं, मागीर सुटलो. आतां बघ, तोंड दिसता."

खरोखरच दिसत होतं. माझं तोंड त्यात फार वाईट दिसत होतं.

"मावशी, तो गंज मी लावला होता."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "हाका कितें जालां गे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती पाटावर बसली, भटजी यायला अर्धा तास होता आणि दादा वास्कोहून निघाले होते. मी बरणीत उरलेली पूड गोंदात कालवली. ब्रश सापडेना. मग भस्म फासावं तशी बोटांनी फासली. मूर्तीमागच्या रुळापर्यंत हात पोचेना, तेवढा तुकडा मावशीच्या चकाकीसकट राहिला. वरून दोन चिमटी कोरडी पूड भुरभुरली. रंग असा आला की मीच खूश झालो. तेवढ्यात भटजींनी हाक मारली, आणि रुळाचा माथा पुसायचा राहून गेला.

आरतीला अख्खा वाडा जमला. दादा झांज घेऊन पुढे उभे. आरती रंगात आली तसं मी बटण दाबलं. इंजिन दचकलं. घर्र केलं. दीड हात धावलं, मातोळीत टांगलेल्या तोरिंजनाच्या फळाच्या बरोबर खाली थांबलं, आणि त्यातून धूर निघू लागला.

"धूर पण सोडता रे!" मागून कोणीतरी ओरडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे काका म्हणाले, "दिगंबरान अगदी खरी गाडी केल्या." विजेच्या इंजिनातून धूर का यावा, हे फक्त एका माणसाला कळत होतं, आणि त्याची झांज थांबली होती.

जेवणं उरकल्यावर दादांनी केळीच्या पानावर इंजिन उघडलं. त्यात लाल मेण भरल्यासारखं दिसत होतं. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतं, हे मला माहीत होतं. आमच्या ओरमध्ये लोखंड असतं, हे तर जगाला माहीत आहे. ही दोन्ही माहिती माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहत होती, पण त्यांचं जाणं-येणं नव्हतं.

"ह्यां काय?" दादांनी विचारलं.

"ओर," मी म्हटलं. "डिचोलीचं."

दादांनी चष्मा काढला. "भावोजी, पस्तीस वर्सां माझ्या रुळावरसून ओराच्यो गाड्यो गेल्यो. ओर डब्यात भरतत. इंजिनाच्या पोटात भरणारो माणूस मी आज बगलंय."

कोणी हसलं नाही. दादा सुईने एकेक कण टिपत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. कसला गंज आणि कसलं स्टेशन, मी म्हाताऱ्या माणसाची एवढी एकच वस्तू मोडून ठेवली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर दादा म्हणाले, "बोलू नकास. शिवणयंत्राचां तेल हाडा."

दिवेलागणीपर्यंत टिपणं, पुसणं, तेल सोडणं चाललं. शेवटी दादा म्हणाले, "मोटर जळूक नाय. तेल करपलां." चालवून बघायचं, पण कुठे? पुढच्या रुळावर तर माझा लेप वाळून बसला होता. दादा इंजिन घेऊन मूर्तीच्या मागे गेले. मी बटण दाबलं. मागून सरसर आवाज आला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दादांचं डोकं मखराआडून वर आलं. "हो मागलो रूळ कोणी केलो?"

"मावशीने. म्हणजे तिने काही केलं नाही. जे मी केलं होतं ते काढलं."

"चालू लायनीचो माथो असोच लखलखता. रोज चाक फिरता ना. फुडचो तुमचो रूळ म्हंजे धा वर्सां बंद पडलेली लायन." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "मावशे, रूळ बरो झालो हां."

तीस वर्षं मी ज्यांची वाट बघितली ते शब्द नेवऱ्या तळणाऱ्या बाईला एका दुपारच्या घासण्यावर मिळाले. ती म्हणाली, "आनी सोलां आसात," आणि रात्रीच्या आरतीआधी उरलेला रूळही घासून दिला. पाचही दिवस गाडी झकास धावली.

या चवथीलाही दादा इंजिन देणार आहेत, पण मावशीच्या हातात. मला रुळापासून तीन हात लांब राहायचं आहे. अगदीच वाईट वाटू नये म्हणून दादांनी एक जबाबदारी दिली आहे: इंजिनाला शिट्टी नाही, ती मी पडद्यामागून तोंडाने वाजवायची. काल सराव म्हणून तीन शिट्ट्या मारल्या, तर बायकोने कुकरखालचा गॅस बंद केला, आणि दुपारी सगळ्यांनी माझ्याकडे बघत कच्चे वाटाणे चावले.