अर्धवट साफ केलेला स्क्रू

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावच्या आमच्या प्रयोगशाळेत ग्लेनिस पॅस्को एकोणीस वर्षं एकच यंत्र चालवते आहे. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, त्यात अतिसूक्ष्म मातीची पूड मिसळायची आणि दोन लांब स्क्रूंमधून दाबून पातळ फिल्म काढायची. त्याआधी ती गालिच्यांच्या गिरणीत होती. गिरणी बंद पडली. पीएचडीवाल्यांना ती फारशी जुमानत नाही. एक काम संपलं की कोरे दाणे घालून आधीचा माल पार निघेपर्यंत ती जागची हलत नाही. कोणी घाई केली तर तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात असंच चालतं का, म्हणून विचारते. मला तिचा धाक वाटतो, हे कबूल करतो.

फिजीतल्या सुव्हाहून पीएचडीला आलेली मेरेआनी तीन वर्षं याच मातीच्या जोरावर मासळी टिकवणारं, हवा आत न येऊ देणारं वेष्टन शोधत होती. सप्टेंबरअखेरीस मी तिची एक फिल्म तपासली, तर नेहमीच्या जेमतेम दहावा हिस्सा हवा आरपार जात होती. सगळे खूश. तिच्या मार्गदर्शक सरांनी लगेच शोधनिबंध लिहायला घेतला. पुन्हा काढलेल्या सहा फिल्म मात्र चाळणीसारख्या निघाल्या. त्यांत माती नीट पसरली नसेल, असं म्हणून सरांनी त्या बाजूला ठेवल्या.

निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी सकाळच्या चहाला ग्लेनिस माझ्या आणि मेरेआनीच्या टेबलाशी येऊन बसली. एरवी ती कधी बसत नाही.

"तुझ्या सहा फिल्म का बिघडल्या ते शोधत होते. काल जुनी वही उघडली. ती चांगली फिल्म गुरुवारची. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या फायनलची सुट्टी, मला मुलीकडे जायची घाई. मी स्क्रू अर्धवटच साफ केला होता. आधी त्यात नायलॉन होतं."

नायलॉन हवा अडवतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बाई, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

"मग आज माती घालूच नकोस," मेरेआनी म्हणाली. "आधी नायलॉन चालव आणि स्क्रू तेवढाच साफ कर."

ग्लेनिसचे हात काही ऐकेनात. दोनदा तिने सवयीने स्क्रू लख्ख करून टाकला. शेवटी मेरेआनीने तिला बाजूला उभं केलं आणि कोरे दाणे स्वतः अर्ध्यातच बंद केले.

दुपारी मी फिल्म तपासली. मातीचा कणही नसताना आकडा तोच आला. तीन वर्षांत मातीने काहीच केलं नव्हतं.

मेरेआनीने सरांना फोन करून निबंध थांबवायला सांगितलं. ग्लेनिस हातमोजे न काढताच रडत होती. मेरेआनी तिच्याजवळ गेली.

"उद्या आठला मला यंत्र हवंय. माझी शिष्यवृत्ती डिसेंबरपर्यंतच आहे."