काचेच्या खोलीतले कवी

आमच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर दर रविवारी गावोगावचे कवी आपल्या कविता वाचतात. रेकॉर्डिंग मी करते. त्यामुळे लग्नात गाठ पडली तरी लोक आधी विचारतात, "काय मॅडम, नवीन कोणता कवी आला?" एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा किस्सा येतोच!

कवीला लागते दाद. आणि आमच्या काचेच्या खोलीत काय? भिंतींना फोम, एक माइक आणि समोर मी. मलाही बोलायची बंदी, कारण माइक फार तिखट कानाचा!

दुसरबीडचे एक रिटायर्ड गुरुजी आले. प्रत्येक ओळ दोनदा म्हणायचे आणि थांबायचे. मला वाटलं, विसरले. खुणेनं विचारलं, तर माइकवरच म्हणाले, "विसरलो नाही मॅडम, दाद यायची हाय ना!" एडिटिंगमध्ये थांबे काढले, तर कविता निम्मीच उरली.

हिवरा आश्रमच्या एका शिक्षिकेनं सवयीनं सुरुवात केली, "व्यासपीठावरील मान्यवर..." आणि बिचारी मान्यवर शोधायला लागली. इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, "मॅडम, तुमीच व्हा ना थोडा वेळ मान्यवर!"

झाले मी मान्यवर. आयुष्यात पहिल्यांदाच!

एका पठ्ठ्याच्या गावात तर आमचा रेडिओ पोचतच नाही. स्वतःची कविता लागायच्या वेळी तो मोटारसायकल काढून टेकडीवर गेला. तिथूनच फोन, "मॅडम, मीच बोलून राह्यलो! एकदम क्लिअर!"

"ऐकायला कोण कोण आहे?"

"बकऱ्या हायेत. पन त्या चरून राह्यल्या."

हसले मी. फोन ठेवल्यावर मात्र वाईट वाटलं. एवढं जीव लावून लिहायचं आणि टेकडीवर एकट्यानंच ऐकायचं!

उंद्रीच्या किसनआबांचा किस्सा मी फारसा सांगत नाही. आबांची बायको मागच्या साली गेली. नवी कविता ते आधी तिलाच वाचून दाखवायचे. भाकरी थापता थापता ती ओळीओळीला 'हं' म्हणायची. ती गेल्यापासून आबांना मोठ्यानं वाचताच येईना. आमच्याकडेही पहिल्याच ओळीवर अडकले. म्हणाले, "पोरी, आता हुंकार कोन देते?"

मग मीच बंदी मोडली. ते ओळ म्हणायचे, मी 'हं' म्हणायची. डोळे मिटून आबांनी अख्खी कविता वाचली. नंतर एडिटिंगला बसून मी माझे सगळे 'हं' काढून टाकले.

रविवारी कविता लागली. सोमवारी सकाळी पहिल्या एसटीनं आबा हजर, हातात मोबाइल.

"आबा, छान झाली ना कविता?"

"झाली ना. पन ते 'हं' काऊन काढलं?"

"अहो, कार्यक्रमात बरं वाटत नाही ते ऐकायला."

आबांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"मंग मले तेवढंच याच्यात भरून दे. कविता मी घरी म्हनतो."