तिला कुठे दिसतोय आपण?

ती मुलगी खुर्चीत बसून हवेत हात पुढे करत होती. डोळ्यांवर व्हीआरचा जाडजूड चष्मा, कानांवर हेडफोन. चष्म्यात म्हणे समुद्रकिनारा होता आणि शेजारी पुण्याहून बोलणाऱ्या समुपदेशक बाई. किनाऱ्यावर त्या दोघीच. प्रत्यक्षात कॉलेज बघायला आलेले आम्ही पाहुणे तिच्याभोवती उभे होतो.

"मॅडम, मला घरी परत जायचंच नाहीये," ती म्हणाली. चष्म्याखालून पाणी ओघळलं. पुसायला हात वर गेला आणि प्लास्टिकवर आपटला.

"सगळे बाहेर चला," मी प्राचार्यांना म्हणालो. ते माझेच जुने विद्यार्थी.

"अहो सर, तिला कुठे दिसतोय आपण?" ते हसले.

मी संतापलो. यंत्रावर माझा राग नाही. ते बिचारं तिला एकांत देत होतं. तो एकांत आम्ही तमाशासारखा बघत होतो. पण या माणसाला हे शिकवलं कोणी? मी प्राचार्य होतो तेव्हा रडणाऱ्या मुलांना कारकुनांदेखत विचारायचो, "बोल, काय झालं?" आमच्या वेळची मुलं खंबीर होती, असं पुढे भाषणांतून सांगत आलो. ते साफ खोटं आहे.

मुलीने चष्मा काढला. आम्हाला पाहताच तिचा चेहरा मिटला.

"कसं वाटलं, बेटा?" प्राचार्यांनी विचारलं.

"छान वाटलं, सर."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "काही नाही, सर," असलंच उत्तर मी नोकरीभर ऐकलं, खरं धरलं आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.