शहनाजचा रविवार

शहनाज,

तू मागं एकदा काउंटरमागून म्हणालीस, "ताई, सगळ्या जगावर लिहिता, एकदा माझ्यावर लिहा की." घे, लिहिलं. एक आधीच सांगते. यात राजेश्वरी नावाची एक म्हातारी आहे. ती मीच, पण मी तिला 'ती'च म्हणणार आहे, आणि तुलाही. 'मी' म्हटलं की मी तिची बाजू घ्यायला लागते, आणि बाजू घ्यावी असं तिनं आपल्या श्रीलंकेच्या सहलीत काहीही केलेलं नाही. हसू आलं तर हस. नाहीतरी तोंडावर हसतेसच.

शहनाज लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानात उभी असते. लग्न होऊन गावात आली, त्यानंतर थोड्याच दिवसांत उभी राहिली ती आजतागायत. मालक बदलले, पाटीचा रंग बदलला, तराजू जाऊन आकडे दाखवणारा काटा आला, शहनाज तिथंच. गिऱ्हाईक आत शिरलं की तिला कळतं, हा नुसता चवीचा तुकडा खाऊन जाणार. त्यालाही ती तुकडा देते. "प्रवासात भूक लागते हो," म्हणते. नवरा वाहिद अकाली गेला. त्यानंतर याच काउंटरच्या जोरावर तिनं मुलाला, इर्शादला, शिकवलं, टॅक्सी घेऊन दिली, सून आणली. सगळं मिळालं. रविवार तेवढा कधी मिळाला नाही. लोणावळ्यात दुकानाची सुट्टी पडायची तर मधल्या वारी. शनिवार-रविवार सगळी दुनिया तिच्यासमोर मजा करून जाते, ओले कपडे, डोक्यावर गॉगल, हातात कणीस, आणि ही आत उभी राहून वजन करते.

राजेश्वरीचं बरोबर उलटं. ती बँकेतून निवृत्त झालेली, राहणार तुंगार्ली. शुक्रवारी संध्याकाळी दूध, भाजी, गोळ्या घरात आणून फाटक लावते, ते सोमवारी उघडते. लोणावळ्यातली जाणती माणसं असंच करतात, आणि जाणत्यांत राजेश्वरी स्वतःचा नंबर पहिला लावते. रविवारी ती फाटकाशी काठी घेऊन उभी असते. फाटकापुढं गाडी लावून कोणी "आंटी, ओन्ली फाइव्ह मिनिट्स" म्हणालं की तिला जो जोर चढतो, तो एरवी जिना चढतानाही कुठं दिसत नाही.

तिसरी जवळच्या भाजे गावची सरुबाई. तिघींची ओळख गुडघ्याच्या व्यायामाला जाताना झाली. शेजारशेजारच्या खाटांवर पाय वर करून पडलं की माणसं लवकर जवळ येतात. सहलीची कल्पना इर्शादची. "अम्मी, विमानात बसून ये एकदा," असं म्हणून त्यानं श्रीलंकेचं तिकीटच हातात ठेवलं. मग बाकीच्या दोघी चिकटल्या. तिथं गाडी आणि चालक घ्यायचा आणि बेट फिरायचं असं ठरलं. कार्यक्रम राजेश्वरीनं आखला. दुसऱ्या कोणी आखलेला तिला खपत नाही.

कँडीहून वर चढत शनिवारी संध्याकाळी गाडी नुवारा एलियाला पोचली. धुकं, उतरती छपरं, वळणावळणावर कणसांच्या गाड्या. सरुबाईनं काचेला नाक लावलं.

"बाई, ह्ये तर लोनावळाच की. इमानात बसून आमी लोनावळ्याला आलो व्हय?"

राजेश्वरीनं कार्यक्रमाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. जागा तिनंच निवडली होती.

रात्रीच्या जेवणाला शहनाजनं विचारलं, "उद्या कुठं?"

"उद्या कुठंच नाही. उद्या रविवार."

"म्हणून तर विचारतेय."

"अगं, एप्रिल म्हणजे त्यांचा सीझन. सगळं कोलंबो इथं लोटणार. हॉटेलात बसू, गॅलरीतून बघू. सोमवारी जाऊ तळ्यावर."

"सोमवारी आपण पुढं निघतोय."

"मग वाटेत बघू."

शहनाजनं भाताचं ताट बाजूला सारलं. "ताई, मला तळं नाही बघायचं. मला रविवार बघायचाय. गर्दीत जायचंय. कुणीतरी माझ्यापुढं तुकडा करावा, मी तो खावा आणि काही न घेता पुढं जावं."

यावर दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. राजेश्वरी म्हणाली, "आणि गाडी अडकली की बाथरूमचं काय? आपली वयं काय आहेत?"

"शेतात काय करत व्हतो आमी?" सरुबाई म्हणाली.

"इथं शेत नाही. चहाचा मळा आहे."

"मळाच की."

दोन विरुद्ध एक झाल्यावर राजेश्वरीनं मोठ्या मनानं परवानगी दिली.

रविवारी चालक निमल त्यांना घेऊन निघाला. तळ्याच्या बऱ्याच अलीकडे गाड्यांची रांग लागलेली होती. खंडाळ्याच्या घाटात लागते तशीच. राजेश्वरीनं "मी सांगितलं होतं" हे मराठीत, मग हिंदीत आणि निमलसाठी इंग्रजीत सांगितलं. शहनाज दार उघडून केव्हाच खाली उतरली होती. तिनं कणीस घेतलं. अनोळखी पोरांच्या फोटोत शिरली. पुढच्या बसमधल्या बायका गात होत्या, त्यांना खालून टाळ्यांचा ठेका दिला. मग टॉफीच्या टपरीवरच्या मुलीनं चवीला तुकडा पुढं केला. शहनाजनं तो खाल्ला, मान डोलावली आणि पुढं चालू लागली. चार पावलं गेली, थांबली, मागं वळली आणि दोन पुड्या घेऊन परत आली.

"एवढंही जमलं नाही तुला?" खिडकीतून राजेश्वरी म्हणाली.

"पोरगी सकाळपासून उभी असणार हो, ताई."

इतक्यात व्हायचं ते झालं, आणि ज्या बाईनं बाथरूमचं भाकीत केलं होतं तिलाच घाई लागली. राजेश्वरी सीटवर आधी डावीकडे सरकली, मग उजवीकडे, मग दाराची कडी धरून बसली. निमलनं आरशातून चेहरा वाचला आणि गाडी रांगेतून काढून एका घराच्या फाटकाला चिकटवून लावली.

फाटक लगेच उघडलं. स्वेटर घातलेली, हातात मिटलेली छत्री, अशी एक म्हातारी बाहेर आली. तिनं छत्रीचं टोक आधी फाटकावरच्या पाटीकडे केलं, मग गाडीकडे आणि शेवटी राजेश्वरीकडे. सिंहली तिघींनाही येत नव्हतं आणि तिघींनाही सगळं समजलं. राजेश्वरीला तर पुढचं वाक्य आधीच ऐकू येत होतं. वाचता येत नाही का? तुमच्या दारात कोणी गाडी लावली तर चालेल का? घरातलं कोणी आजारी पडलं तर काय करायचं? एका श्वासात, तुंगार्लीच्या फाटकाशी ती स्वतः म्हणते त्याच क्रमानं.

तिघींची प्रतिनिधी म्हणून राजेश्वरी खाली उतरली. पदवीधर, बँकेतली अधिकारी. आणि तिच्या तोंडून निघालं, "आंटी, ओन्ली फाइव्ह मिनिट्स."

ती बाई तिच्याहून लहानच असावी.

शहनाज कणसाचा बुडखा हातात धरून इतकी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. सरुबाई गाडीतून ओरडली, "पार्किंग लाव म्हनावं तिला. आमची सून समीक्षा बग, आवारात मोटारी घेती आन पावती फाडती."

राजेश्वरीनं पाय आवळून बाथरूमचं विचारलं. म्हातारी तिला न्याहाळत राहिली.

"ताई," शहनाज कानाशी म्हणाली, "तुम्ही घेतलं असतं का आत?"

"हे तू मला आत्ता विचारतेस?"

म्हातारीनं छत्री फाटकाच्या आत वळवली. रांगेनं तिघीही गेल्या. मोरी स्वच्छ होती, नळाचं पाणी बर्फासारखं. परत आल्यावर शहनाजनं पर्समधून चिक्कीची पुडी काढली, एक तुकडा मोडला आणि पुढं केला, दुकानात करते तसाच. म्हातारीनं दाढेखाली धरून कडकन तोडला. हसली नाही. दुसऱ्या तुकड्यासाठी हात मात्र पुढं केला. शहनाजनं सगळी पुडीच देऊन टाकली आणि राजेश्वरीला म्हणाली, "सांगा तिला, घरी गेल्यावर ताज्या चिक्कीचा मोठा डबा पाठवते." राजेश्वरीनं इंग्रजीत सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, तिला कितपत पटलं कोण जाणे, आणि फाटक लावून घेतलं.

तळं त्यांना दिसलंच नाही. रांग हलेना, म्हणून निमलनं गाडी वळवली. हॉटेलवर आल्यावर मॅनेजरनं काय काय पाहिलं असं विचारलं. शहनाज म्हणाली, "संडे." आणि पाय चोळत खोलीत गेली.

राजेश्वरीनं निघताना फोनमध्ये त्या फाटकाचा फोटो घेतला होता, पत्ता मिळावा म्हणून. घरी आल्यावर मोठा करून पाहिला. त्यात फक्त पाटी आली आहे, आणि पाटीवर सिंहलीत 'गाडी लावू नका' एवढंच असणार. निमलला घर माहीत आहे. त्याला विचारायचं काम राजेश्वरीचं, डबा बांधायचं शहनाजचं. डबा बांधून काउंटरखाली ठेवलेला आहे. पावसाळी हवेनं चिक्की मऊ पडली की शहनाज ती काढून ताजी भरते. शुक्रवारी राजेश्वरी बाजारात गेली की ती नुसती भुवई उडवते.

"आज विचारते," राजेश्वरी म्हणते.

निमलचा नंबर तिच्या फोनमध्ये आहे. फोनही चालू आहे.